बोटभर जाळी

त्या वर्षी कालव्याला पाणी सुटलं नाही आणि गाजरं धुवायचा हौद कोरडा पडला. मालकानं थोडे दिवस वाट बघितली, मग शहरातून एक लोखंडी ड्रम आणून शेडच्या तोंडाशी बसवला. ड्रम आपला आपण फिरायचा. आत ब्रश होते. जेमतेम पाण्यात ट्रॉलीभर गाजरं घुसळून तो लख्ख करून बाहेर ओकायचा. आजवर हौदात उतरून पायांनी गाजरं तुडवणाऱ्या बायकांना मुकादमीण म्हणाली, "उद्यापासून तुम्ही आत बसायचं. निवडायचं आणि भरायचं. नशीब उघडलं म्हणा."

बायका खूश झाल्या. ऐन थंडीत कंबरभर गढूळ पाण्यात दिवस काढून त्यांच्या टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. एकटी काटेवाल्याची बायको तेवढी खूश नव्हती.

काटेवाला म्हणजे शेडच्या दारात वजनकाट्यावर बसणारा तिचा नवरा. पोतं काट्यावर ठेवायचं दुसऱ्यानं, उचलायचं दुसऱ्यानं, आकडा ओरडायचा यानं. एवढ्या कामावर त्याचा आवाज शेडभर झाला होता. आणि तिला बायका बदक म्हणत, कारण ती हौदातून बाहेर यायला मागायची नाही. सगळ्यांच्या आधी उतरायची, सगळ्यांच्या नंतर चढायची, भाकरीसुद्धा काठावर बसून पाय पाण्यात सोडून खायची. बायका तिच्यावरून फिदीफिदी हसायच्या. ती त्यांच्याकडे ढुंकूनही बघायची नाही. इतकी वर्षं खांद्याला खांदा लावून उभ्या राहूनही ज्यांना काही कळलं नाही, असल्या बायकांशी बोलायचं तरी काय?

गोष्ट साधी होती. धाकट्या मुलाच्या वेळी ती अडली होती. मूल अंगानं मोठं, सुईण आडदांड. ओढून काढलं. मूल जगलं, वाढलं, आता मिशा फुटून परगावी कामाला लागलं. पण तेव्हापासून तिला खोकला आला, शिंक आली, ओझं उचललं की लघवी सुटायची. थेंबभर नव्हे, चांगली ओंजळभर. दवाखान्यात काय सांगायचं आणि कोणाला सांगायचं? तिनं हौदातलं काम धरलं. तिथं सगळ्याच कमरेपर्यंत ओल्या. कोणाच्या बापाला कळणार नव्हतं.

शेडमध्ये मात्र सगळं कोरडं होतं. कोरडी फरशी, कोरडी पोती, कोरड्या बायका. ओळीनं बसायचं, समोर गाजरांचा ढीग. सरळ गाजर एका क्रेटमध्ये, फुटकं दुसऱ्यात, दोन तंगड्यांचं मागं जनावरांसाठी. भरलेला क्रेट उचलून पिशव्यांच्या चळतीपाशी न्यायचा, लाल जाळीच्या पिशवीत ओतायचा, दाभणानं तोंड शिवायचं. पहिल्या दिवसापासून तिनं पाणी प्यायचं सोडलं. चहा आला की "पित्त होतं" म्हणायची. आत जुन्या साड्यांच्या घड्या, त्यावर जाड परकर. बायकांनी विनोद केला की दात आवळून खाली बघायची. विनोद तसेही भिकार असायचे, हे एक बरं होतं. क्रेट उचलायच्या आधी श्वास धरायची, चालताना मांड्या मिटून चालायची. बायका म्हणाल्या, बदक जमिनीवर आलं तर चालही तशीच आहे.

दुपारी जेवण झाल्यावर ती रिकाम्या पिशव्यांच्या चळतीवर टेकली. तेवढ्यात बाहेर कोणीतरी मातीची गाजरं ट्रॉलीतून ओतली. वाळलेल्या मातीचा लोट आत आला. तिला एक शिंक आली. ती धरली. दुसरी धरवली नाही.

ती उठलीच नाही. वाटलं, सुकेल. पण मुकादमीण पिशव्या घ्यायला आली. ही मुकादमीण म्हणजे धिप्पाड बाई, नवरा मेल्यावर मालकाची मर्जी धरून वर चढलेली, कोणाचं काही चुकलं की तिच्या तोंडावर तेज यायचं.

"ऊठ. पिशव्या हव्यात."

ती उठली. मुकादमिणीनं वरची पिशवी उचलली, बघितली, नाकापाशी नेली. मग दोन बोटांत धरून लांब केली.

"हे काय गं?"

ती परकर सारखा करू लागली.

"अगं, विचारते मी. माल जायचाय यातून. लोक खातात."

शेजारच्या दोघी जागच्या जागी सरकून बसल्या. मुकादमीण ती पिशवी तशीच चिमटीत धरून, कोणाला दिसायचं राहू नये म्हणून शेडच्या मधून चालत काट्यापाशी गेली. तिथं हमाल होते, ट्रकचा ड्रायव्हर होता. "बघ रे, तुझ्या बायकोचे प्रताप," ती काटेवाल्याला म्हणाली.

काटेवाल्यानं पिशवीकडे बघितलं. हमालांकडे बघितलं. ते आता हसणार हे त्याला दिसलं, आणि आपल्यावर हसायच्या आत आपणच हसलेलं बरं, असा त्यानं विचार केला असावा.

"काय करता," तो म्हणाला, "जुना नळ आहे. वायसर गेलाय."

सगळे हसले. तो सगळ्यांत मोठ्यानं.

ती बाहेर गेली. ड्रमजवळच्या पिंपातून बादली भरली आणि डोक्यावर ओतली. अंगात हीव भरलं. दुसरीही ओतली. मग नखशिखांत निथळत आत आली, आपल्या जागेवर बसली आणि गाजरं निवडायला लागली. तिच्याखालून पाण्याचा ओघळ फरशीवरून मुकादमिणीच्या चपलेपर्यंत गेला.

"हे काय नाटक?" मुकादमीण म्हणाली.

"आता शोधा, कुठलं ओलं कशाचं आहे ते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तिला कोपऱ्यात, कुजक्या गाजरांच्या ढिगाजवळ जागा मिळाली आणि बसायला खताची प्लास्टिकची गोणी.

घरी काटेवाला तिच्याशी त्या विषयावर बोललाच नाही. जेवता जेवता बहिणीला म्हणाला, "आक्का, हिचा बिछाना मागच्या पडवीत टाक. सरपणापाशी."

त्याची बहीण त्याच्याहून थोरली. तरुणपणीच विधवा होऊन भावाकडे राहायला आली ती कायमची. कामाला वाघीण, तोंडाला तिखट. भावजयीचं काही म्हणजे काही तिला पटायचं नाही. भावाचंही फारसं पटायचं नाही, पण ते ती बोलत नसे. तिनं बिछाना गुंडाळला आणि पडवीत नेऊन आपटला.

"इतकी वर्षं लपवलंस होय," ती म्हणाली. "मला वाटायचं, मांजर येतं घरात."

"तुम्हाला काय काय वाटतं, वन्सं, ते मला ठाऊक आहे."

"डोकं ठिकाणावर असेल तर दवाखाना गाठ. त्याच्या हसण्यानं काही बरं होत नाही."

असलं शहाणपण नणंदेकडून ऐकायला लागावं याची तिला चीड आली. पण सुट्टीच्या दिवशी ती एकटीच बस धरून शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात गेली. सबंध प्रवास उभ्यानं केला. बसायला जागा होती, तरी.

डॉक्टरीण तिच्या लेकीच्या वयाची होती. टेबलावर झोपवून म्हणाली, "मावशी, खोका."

"कशाला?"

"बघायचंय मला."

"बघायला लोकांना मजाच येते," ती म्हणाली आणि खोकली. डॉक्टरीण हसली नाही. हातमोजे काढले, हात धुतले आणि स्टूल ओढून समोर बसली. बाळंतपणात खालचे स्नायू सैल पडलेत, लघवीच्या नळीला खालून आधार राहिला नाही, म्हणून दाब आला की सुटते, असं तिनं सरळ सांगितलं. शेकड्यांनी बायका येतात, असंही.

"आमच्या इथं एकही नाही," ती म्हणाली.

"असं त्या प्रत्येकीला वाटतं."

आधी व्यायाम करायचा होता. लघवी मधेच अडवताना जे आवळतो ते आवळायचं, धरायचं, सोडायचं, रोज, कामातही. आणि पाणी प्यायचं. तिला ते ऐकून हसूच आलं. एवढ्यासाठी बसचा धक्का खाल्ला? पण सांगितलं ते केलं. कोपऱ्यात गोणीवर बसून, हात गाजरांत, ती आवळायची, धरायची, सोडायची. तोंड इतकं गंभीर व्हायचं की मुकादमिणीला वाटायचं, ही मनातल्या मनात शिव्या घालते आहे. तेही खोटं नव्हतं.

गाजरं संपत आली, बीट सुरू झालं, बोटं लाल झाली. थोडा फरक पडला, पण क्रेट उचलला की व्हायचं ते व्हायचंच. डॉक्टरिणीनं पुन्हा तपासलं आणि ऑपरेशनचं काढलं.

"एक पट्टी बसवायची. नळीच्या खालून, झोळीसारखी. खोकलात की नळी त्या पट्टीवर टेकते, खाली सरकत नाही." तिनं ड्रॉवरमधून नमुना काढून हातात दिला.

तिनं तो दोन्ही हातांनी ताणून बघितला. बारीक विणीची, पांढरी, बोटभर रुंद. "ही तर पिशवीची जाळी."

"जवळपास तसलीच. पण शरीरात चालेल अशी."

"आणि फाटली?"

"फाटत नाही सहसा. पण ऐका, ही कायमची आत राहते. काढायची झाली तर सोपं नसतं. कोणाला टोचते, कोणाला लघवी अडकते, एखादीला परत कापावं लागतं. बहुतेकींना बरं वाटतं, पण तुम्ही त्यातल्याच असाल असं मी लिहून देत नाही. घरी विचारा, मग सांगा."

"घरी कोण आहे विचारण्यासारखं?" ती म्हणाली. पण घरी सांगणं भाग होतं, कारण सोबतीला कोणी तरी लागणार होतं.

काटेवाल्यानं घास तोंडात तसाच ठेवून विचारलं, "जाळी? माणसाच्या अंगात? तू काय गाजर आहेस?"

"तुम्ही येणार का तेवढं सांगा."

"बायकांच्या वॉर्डात मी काय करू? आणि काट्यावर कोण बसेल?"

"काट्यावर माकड बसवलं तरी चालेल," ती म्हणाली. "आकडा आपोआप दिसतो."

त्यानं ताट सरकवलं आणि उठून गेला. नणंद चुलीपाशी भांडी घासत होती. तिनं मान वर केली नाही. "मी येते," ती म्हणाली. "हिच्या पोटात काय शिवतात ते एकदा बघू दे."

ऑपरेशन फार वेळ चाललं नाही. कमरेखालचं बधिर केलं होतं. पलीकडे कोणी तरी बोलत होतं, भांड्यात हत्यारं वाजत होती, आणि आपले पाय दुसऱ्याच कोणाचे असल्यासारखे वर टांगलेले तिला दिसत होते. भीती वाटली नाही. लाज वाटायची तर ती केव्हाच संपली होती. फक्त एकदा मनात आलं, काही वाकडं झालं तर तो काट्यावर बसून यावरही विनोद करेल.

रात्रभर लघवीसाठी रबरी नळी लावलेली होती. सकाळी नर्सनं ती काढली, लोटाभर पाणी प्यायला लावलं आणि म्हणाली, "आता आपली आपण झाली की घरी. नाही झाली तर परत नळी."

होईना. ती संडासात बसली, उठली, फेऱ्या मारल्या, परत बसली. पोट तटतटलं. दाराबाहेर नणंद उभी.

"झाली?"

"नाही."

"आयुष्यभर थांबत नव्हती, आता येत नाही. तुझं एक काही धड नाही."

"तुम्ही जरा लांब जाता का?"

"गेले असते. पण तू पडलीस तर उचलायला तुझा नवरा नाही इथं."

ती आत डोकं भिंतीला टेकून बसली. खरंच अडकून राहिली तर? कायमची नळी, कायमची पिशवी, आणि त्या पिशवीवर पुन्हा मुकादमिणीची चिमटी. पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रडू तिनं गिळलं, पण नाक ओढल्याचा आवाज बाहेर गेला असावा. मग नणंदेनं दार ढकललं, आत आली, कोपऱ्यातला नळ सोडला, बादली त्याखाली सरकवली आणि पाठमोरी उभी राहिली.

"मी बघत नाहीये," ती म्हणाली. "म्हशीला पान्हा सोडायला लावतात तसं आहे हे. घाई करायची नाही."

"म्हैस तुम्ही."

"बरं, मी."

बादली निम्मी झाली. मग अडखळत, जळजळत, आली. नणंदेनं नळ बंद केला. आवाज ऐकत राहिली आणि तो संपल्यावर म्हणाली, "आता खोक."

ती खोकली. हळू, मग छाती भरून. काहीच झालं नाही. ती परत खोकली, पुन्हा पुन्हा, दार उघडून नर्स डोकावली तरी. टाके दुखत होते. नणंद म्हणाली, "पुरे, आता फुप्फुसं पडतील बाहेर." दोघी हसल्या, आणि हसताना तिनं सवयीनं मांड्या आवळल्या. गरज नव्हती.

घरी आल्यावर दीडेक महिना ओझं उचलायचं नव्हतं, खाली वाकून काम करायचं नव्हतं, आणि नवऱ्याजवळ जायचं नव्हतं. शेवटचं सांगताना डॉक्टरीण जरा थांबली, तेव्हा नणंदच म्हणाली होती, "त्याची काळजी नको." पडवीत सरपणाची धूळ, खोकला नको, म्हणून नणंदेनं तिचा बिछाना आपल्या खोलीत, आपल्या शेजारी घातला. घालताना भरपूर कुरकुरली. पाणी स्वतः भरलं, चूल स्वतः सांभाळली, आणि भाऊ काही मागायला आला की "दिसत नाही का" म्हणून हुसकावून लावला.

ती शेडवर परत गेली तेव्हा काटेवाल्यानं तिच्या आधीच बातमी पोचवलेली होती. पण निराळी. "मोठ्या डॉक्टरला दाखवलं," तो हमालांना सांगत होता. "म्हटलं, खर्चाचं बघू नका, माझ्या बायकोला बरं करा. परदेशी जाळी बसवलीय." ऑपरेशन फुकट झालं होतं आणि हा दवाखान्याच्या फाटकापर्यंतही आला नव्हता. ती त्याच्या समोरून गेली. त्यानं तिच्याकडे बघून डोळे मिचकावले, जणू दोघांनी मिळून काही तरी जिंकलं होतं.

मुकादमिणीनं गोणी उचलून टाकली आणि तिला ओळीत मधे जागा दिली. "इथं बस. उजेड आहे." तिनं आभार मानले नाहीत.

काही दिवसांनी मुकादमीण तिच्यापाशी येऊन उकिडवी बसली, बीट हातात फिरवत. आवाज अगदी खाली आणला. "तो दवाखाना… कुठल्या दारानं जायचं असतं?"

"कोणाला जायचंय?"

"आहे एक."

"काय होतं तिला?"

"तुला झालं होतं तेच."

ती काम थांबवून मुकादमिणीकडे बघत राहिली. हा धिप्पाड देह, ही चिमटी. या बाईनं आपली ओली पिशवी शेडभर मिरवली तेव्हा हिच्याही लुगड्याच्या आत घडी होती. तिला घृणा आली, आणि तिचा स्वाद घेत ती म्हणाली, "मला काय झालं होतं? मला आठवत नाही. मोठ्यानं सांगा."

"हळू बोल गं."

"मला ऐकू येत नाही हळू बोललेलं."

मुकादमिणीनं इकडेतिकडे बघितलं. तोंड काळवंडलं. उठून जाईल असं वाटलं. पण ती उठली नाही. "लघवी राहत नाही मला," ती म्हणाली. मोठ्यानं. फाटक्या आवाजात. "पाच पोरं काढली. राहत नाही. झालं समाधान?"

शेडमध्ये निवडण्याचा आवाज थांबला. काटेवाल्याची बायको वाट बघत होती की कोणी तरी हसेल. हसायलाच हवं होतं. कोणी हसलं नाही. कडेची एक बाई बीट हातात धरून खाली बघत होती. तिच्या पलीकडची पदर सारखा करत होती. ज्या दोघी तेव्हा सरकून बसल्या होत्या, त्यांतली एक हळूच म्हणाली, "सांग ना बाई, कुठल्या दारानं ते."

तिला अपेक्षेइतकी मजा आली नाही. म्हणजे या सगळ्या जणी. इतकी वर्षं. आणि आपणही त्यांच्यातलीच एक, वेगळी ती काय. तिला त्यांचा राग आला तसा स्वतःचाही आला. "मागच्या बाजूनं जा," ती म्हणाली. "पायऱ्या चढून डावीकडं. बुधवारी ती पोरगी असते. खोकायला लावील, तर लाजू नका. आणि आधी व्यायाम सांगेल, तो करा, नाटकं करू नका. निम्म्यांना तेवढ्यानंच भागेल." मग तिनं बीट उचललं. "बसा आता. माल जायचाय."

त्या संध्याकाळी काटेवाला घरी लवकर आला. हातपाय धुतले, कंगवा फिरवला. तिघं जेवायला बसली. दीड महिना होऊन गेला होता. तो दिवस मोजत होता हे दोघींना ठाऊक होतं. अर्धं जेवण झाल्यावर तो बहिणीकडे न बघता म्हणाला, "आता आण की तुझा बिछाना आत."

"कुठं आत?" तिनं विचारलं.

"माझ्या खोलीत. झालं ना आता नीट."

"मला नीट झालं."

"मग?"

ती जेवत राहिली. त्याला वाटलं, लाजतेय. तो हसला. "अगं, त्या दिवशी गमतीत बोललो. चार माणसांत काही तरी बोलावं लागतं. नवरा आहे मी तुझा."

"हो, ते दिसलं. चार माणसांत."

"किती दिवस धरून बसणार आहेस?"

"धरून बसायला आता येतं मला," ती म्हणाली. "मी आहे तिथं बरी आहे. वन्संच्या खोलीत."

तो बहिणीकडे वळला. "आक्का, तू सांग हिला."

नणंदेनं आमटीचं भांडं आपल्याकडे ओढलं. "मी काय सांगू? ती घोरत नाही. तू घोरतोस."

काट्यावर नेहमी विनोद सुचणारा तो रागानं उठायला गेला आणि त्याच्या गुडघ्याचा धक्का तांब्याला लागला. तांब्या आडवा झाला, पाणी त्याच्या धोतरावरून, पाटाखालून, खोलीभर पसरलं. तो दोघींकडे बघत राहिला. तिनं भाकरीचा तुकडा मोडला. नणंदेनं पाय वर घेतले.

"फडकं कुठंय?" त्यानं विचारलं.

"खुंटीला," नणंद म्हणाली, आणि जेवायला लागली.